मालक कोण, ते आधी विचार

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं आणि सोबतचा तो इंग्रजी मजकूरही. ‘लाल शाई सढळ हाताने वापर, मी वाईट वाटून घेणार नाही,’ असं तू लिहिलंयस. वापरली. काळ, स्पेलिंग, वाक्यरचना यांत बोट ठेवायला फारशी जागाच नव्हती. खुणा झाल्या नऊ, आणि त्यातल्या सात एकाच घराण्यातल्या निघाल्या: माय, माइन, हर, देअर, इट्स. म्हणजे जे शब्द आपण शाळेत पहिल्या महिन्यात पाठ केले आणि पुन्हा वळून पाहिले नाहीत, तेच.

नुसत्या खुणा करून कागद परत पाठवला असता, तर तू दुरुस्त करून मोकळा झाला असतास आणि पुढच्या वेळी तेच लिहिलं असतंस. म्हणून हे लांबण. मला तर वाटतं, या चुका तुझं मराठी पक्कं आहे म्हणून होतात. मराठीत मालकी सांगायची जी सोय आहे ती इतकी अंगवळणी पडलीय, की इंग्रजी लिहितानाही हात तिकडेच जातो.

षष्ठीचे प्रत्यय आठव. चा, ची, चे. चे, च्या, ची. आपला मालकीचा शब्द वस्तूकडे बघून रूप बदलतो. माझा रुमाल, माझी वही, माझं घड्याळ, माझे बूट, माझ्या किल्ल्या. इंग्रजीत पाचही ठिकाणी एकच ‘माय’. इथवर सोपं आहे, आणि सोपं वाटतं तिथेच आपण पुस्तक मिटतो. कारण मराठीत ‘ही माझी वही’ म्हण की ‘ही वही माझी’ म्हण, ‘माझी’ जसंच्या तसं राहतं. इंग्रजी मात्र नेमकं तिथे अडवतं. मागोमाग नाम येत असेल तर ‘माय’. नाम आधी येऊन गेलं असेल, किंवा समजून घ्यायचं असेल, तर ‘माइन’. पहिलं विशेषण, त्याला टेकायला नाम लागतं. दुसरं सर्वनाम, ते नामाच्याच जागी बसतं.

तुझं वाक्य बघ: ‘द फर्स्ट फोर पेजेस आर माय, द रेस्ट आर युअर.’ वाचणारा ‘माय’पाशी येऊन थांबतो. माय काय? पुढे काहीतरी येणार म्हणून तो वाट बघत राहतो आणि तू स्वल्पविराम देऊन निघून जातोस. तिथे ‘माइन’ आणि ‘युअर्स’ हवं. तसंच ‘हर’चं ‘हर्स’, ‘अवर’चं ‘अवर्स’, ‘देअर’चं ‘देअर्स’. ‘हिज’ दोन्हीकडे ‘हिज’च, तेवढी एक सूट. आणि ‘इट्स’ला दुसरं रूप जवळपास नाहीच, ‘दॅट टेल इज इट्स’ असं कुणी म्हणत नाही, शेपूट कुत्र्याचं आहे असं सरळ नाव घेऊन सांगतात.

एक मौज सांगतो. ‘माय’ आणि ‘माइन’ मुळात एकच शब्द. शेक्सपिअरच्या काळातही स्वरापुढे ‘माइन’ वापरायची रीत होती, म्हणून ‘माइन आइज’ आणि ‘माय हँड’. आज ‘अ’ आणि ‘अॅन’चं जे चालतं तसंच. पुढे दोघांनी वाटण्या केल्या: नामापुढे ‘माय’ आणि एकट्याने उभं राहायला ‘माइन’.

‘माइन’बरोबर क्रियापदाकडेही लक्ष ठेव. ‘युअर शूज आर ब्लॅक, माइन आर ब्राउन.’ पण छत्रीबद्दल बोलत असलास तर ‘माइन इज ब्राउन’. मराठीत ‘माझे’ आणि ‘माझी’ यांवरूनच बूट की छत्री ते कळतं. ‘माइन’ चेहऱ्यावर काही दाखवत नाही, ते सगळं ‘इज’ आणि ‘आर’वर सोडून देतं.

आता ‘हिज’ आणि ‘हर’. इथे आपण खरं तर श्रीमंत आहोत. हिंदीत ‘उसका भाई’ म्हटलं की भाऊ त्याचा की तिचा, ते त्या शब्दावरून कळत नाही. फ्रेंचमध्येही तसंच, तिथला मालकीचा शब्द वस्तूचं लिंग बघतो, मालकाचं नाही. मराठी दोन्ही बघतं. ‘तिचा भाऊ’ यातल्या ‘ति’मध्ये मालकीण आहे आणि ‘चा’मध्ये भाऊ. इंग्रजीत जाताना मागचा ‘चा’ कापून टाकायचा आणि पुढच्या ‘ति’कडे बघून ‘हर’ लिहायचं, की झालं. तू घाईत ‘तिचा’मधला ‘चा’ ऐकलास आणि ‘हिज ब्रदर’ लिहून बसलास, त्यामुळे तुझ्या मजकुरातल्या बाईंचा भाऊ भलत्याच माणसाचा झाला.

पण या श्रीमंतीचा एक तोटाही आहे. आपल्याकडे निर्जीव वस्तूही पुष्कळदा स्त्री नाहीतर पुरुष असतात. गाडी ती, म्हणून तिचं दार. दरवाजा तो, म्हणून त्याची कडी. तू लिहिलंस, ‘द कार अँड हर डोअर’. नावाडी आपल्या नावेला प्रेमाने ‘शी’ म्हणतात हे खरं, पण कामाच्या कागदात गाडीला ‘इट्स डोअर’च हवं. संस्था, कंपनी, समिती या आपल्या सगळ्या ‘ती’ आहेत. इंग्रजीत त्यांना ‘इट्स’, किंवा आतली माणसं डोळ्यांपुढे असतील तर ‘देअर’.

‘देअर’वरून माझी फजिती सांगायलाच हवी, म्हणजे तुला एकट्याला वाईट वाटायला नको. नोकरीला लागून महिनाही झाला नव्हता. बाहेरच्या पाहुण्यांबरोबर बैठक झाली, सगळे गेले, आणि साहेब स्वतःचा लॅपटॉप टेबलावरच विसरले. मी तत्परतेने सगळ्यांना मेल टाकला: ‘सर हॅज लेफ्ट देअर लॅपटॉप इन द मीटिंग रूम.’ डोक्यात वाक्य मराठी होतं, साहेब त्यांचा लॅपटॉप विसरले. साहेबांना ‘त्याचा’ कसं म्हणणार? दहा मिनिटांत एका सहकाऱ्याने पाहुण्यांना फोन लावला, की तुमचा लॅपटॉप आमच्या साहेबांनी खोलीतच ठेवलाय, घ्यायला या. पाहुणे गाडी वळवून परत आले. लॅपटॉपवर साहेबांच्या मुलीने चिकटवलेलं स्टिकर होतं, ते बघून सगळे माझ्याकडे बघायला लागले.

तर आदरार्थी बहुवचन इंग्रजीत नेता येत नाही. साहेब असोत, आजोबा असोत, राष्ट्राध्यक्ष असोत, एक पुरुष म्हणजे ‘हिज’ आणि एक बाई म्हणजे ‘हर’. सुरुवातीला जीभ अडते, उद्धट वाटतं. वाटू दे. तिथे आदर वाक्याच्या सुरात आणि संबोधनात असतो, सर्वनामात नसतो. उलट ‘समवन हॅज लेफ्ट देअर अम्ब्रेला’ हे वाक्य एकदम बरोबर आहे. कोण ते ठाऊक नाही, बाई की पुरुष ठाऊक नाही, अशा एकट्या माणसाला ‘देअर’ म्हणायची पद्धत चौदाव्या शतकापासूनची आहे. कुणी स्वतःसाठी ‘ही’ किंवा ‘शी’ऐवजी ‘दे’ हे सर्वनाम वापरत असेल तर त्यालाही तेच. माझ्या साहेबांना मात्र ते लागू नव्हतं, त्यांना आम्ही सगळे ओळखत होतो.

यापेक्षा घोळाचा शब्द म्हणजे ‘आपला’. मराठीत तो किती कामं करतो बघ. ‘आपलं नाव काय?’ म्हणजे ‘युअर’. ‘आपलं ठरलं होतं ना?’ म्हणजे ‘अवर’. ‘तिने आपली छत्री उचलली’ म्हणजे ‘हर’. ‘मी आपला गप्प बसलो’ यात तर मालकीही नाही, नुसता सुस्कारा आहे. इंग्रजीत याला एक शब्द शोधायला गेलास की फसलास. दर वेळी थांबायचं आणि मालक कोण ते शोधायचं. ‘आमचा’ आणि ‘आपला’ यांतला फरकही, म्हणजे तू त्यात आहेस की नाहीस, ‘अवर’मध्ये विरघळून जातो. मला ते अजूनही खटकतं. भांडणात ‘हे आमचं घर आहे’ आणि ‘हे आपलं घर आहे’ यांत केवढं अंतर असतं! ‘अवर हाउस’ म्हटलं की ते अंतरच संपलं.

‘तिने आपली छत्री उचलली’ आणि ‘तिने तिची छत्री उचलली’ ही दोन वाक्यं शेजारी ठेवून बघ. पहिल्यात संशय नाही, छत्री उचलणारीचीच. दुसऱ्यात छत्री दुसऱ्या कुणा बाईची असू शकते. इंग्रजीत दोन्ही ‘हर अम्ब्रेला’. गोंधळ होईल असं वाटलं तर ‘हर ओन’ लिहायचं, नाहीतर सरळ नाव घ्यायचं. तुझ्या तिसऱ्या परिच्छेदात दोन पुरुष आहेत आणि पाच वेळा ‘हिज’ आलंय; कोणाची फाईल कोणाच्या टेबलावर गेली ते मला अजून कळलेलं नाही.

याच्या उलट एक सवय आहे, मालक गाळायची. आपण म्हणतो हात धुतले, डोळे मिटले, मान हलवली, चपला काढल्या. कोणाचे हात, असं मराठीत विचारणारा माणूस विनोदी ठरेल. इंग्रजी मात्र दर वेळी सांगायला लावतं: ‘आय वॉश्ड माय हँड्स.’ तू ‘ही शुक हेड’ लिहिलंस, तिथे ‘हिज’ घाल. पण माणूस आधीच कर्म म्हणून येऊन गेला असेल तर अवयवाला ‘द’ लागतं: ‘शी टुक मी बाय द हँड.’ तिथे ‘माय हँड’ लिहिलंस तर जरा चिकटवल्यासारखं वाटेल.

‘माय वन फ्रेंड’ हे खोड. ‘माझा एक मित्र’ असं तुला म्हणायचंय, पण वाचणाऱ्याला वाटेल की या बिचाऱ्याला जगात एकच मित्र आहे. ‘अ फ्रेंड ऑफ माइन’ लिही, ‘ऑफ मी’ नव्हे. किंवा ‘वन ऑफ माय फ्रेंड्स’, आणि तिथे शेवटचा ‘स’ विसरू नकोस, कारण अनेकांतला एक आहे. ‘हा माझा मित्र’मधले ‘हा’ आणि ‘माझा’ मराठीत शेजारी सुखाने बसतात. इंग्रजीत नामापुढे त्या दोघांना मिळून एकच जागा आहे. म्हणून ‘धिस माय फ्रेंड’ चालत नाही, ‘धिस फ्रेंड ऑफ माइन’ चालतं.

राहिला अपॉस्ट्रॉफी. देवनागरीत लिहिताना याची मजाच निघून जाते, कारण ‘इट्स’ आणि ‘इट्स’ सारखेच दिसतात, ‘देअर’ तर तीन वेगवेगळे शब्द आहेत. म्हणून अक्षरं मोजून सांगतो. मालकीचं ‘इट्स’ म्हणजे आय, टी, एस, मध्ये काही नाही. टी आणि एसच्या मध्ये वर तो टिंबासारखा स्वल्पविराम दिसला की ते ‘इट इज’ किंवा ‘इट हॅज’. शंका आली तर फोडून वाच. ‘द डॉग वॅग्ड इट इज टेल’ ऐकायला वेडगळ वाटतं ना? मग चिन्ह काढ. नामाला मालकीसाठी ते चिन्ह लागतं आणि सर्वनामाला लागत नाही, ही विसंगती इंग्रजीची आहे, तुझी नाही. ‘हर्स’, ‘अवर्स’, ‘युअर्स’, ‘देअर्स’ यांतही ते कुठे नाही.

आणि या ‘इट्स’वर अडखळणारा तू पहिला नाहीस. हा शब्द तसा पोरवयाचा. सोळाव्या शतकाच्या अखेरीस तो छापात दिसू लागला. त्याआधी निर्जीव वस्तूंनाही ‘हिज’च म्हणत. १६११ सालच्या किंग जेम्स बायबलमध्ये मीठ खारटपणा गमावतं तेही ‘हिज सेव्हर’ म्हणून, अगदी आपल्या ‘त्याचा’सारखं. नवा शब्द आल्यावरही अठराव्या शतकापर्यंत चांगले शिकलेले लोक त्यात अपॉस्ट्रॉफी घालत होते. त्यांनी केलं तर तो इतिहास, तू केलंस तर ती चूक, त्याला इलाज नाही.

शेवटची खूण तुझ्या सहीच्या वर आहे. ‘युअर फेथफुली’ लिहिलंयस. पुढे नाम नाही, म्हणून ‘युअर्स’, आणि आरपुढच्या एसला चिन्ह नको. शिवाय सुरुवात नाव घेऊन केली आहेस, तेव्हा ब्रिटिश रिवाजाने ‘सिन्सिअरली’ हवं. ‘फेथफुली’ नुसत्या ‘डिअर सर’साठी.

दुरुस्त केलेला कागद सोबत जोडलाय. ते दोन पुरुष आणि पाच ‘हिज’ तेवढे मी तसेच ठेवलेत, फाईल कोणाची ते तूच लिहून पाठव. आणि आता सही करायला गेलो तर ध्यानात आलं, की खालच्या शब्दातल्या ‘च’साठी माझ्याकडे इंग्रजीत काहीच नाही. तुला सुचलं तर कळव.

तुझाच