शब्दासमोर एकच अर्थ नको

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेली शब्दांची यादी पाहिली. डावीकडे अवघड इंग्रजी शब्द, उजवीकडे मराठी अर्थ, आणि रोज पन्नास पाठ करायचा बेत. बेत चांगला आहे, पण ती उजवी बाजू तुला गोत्यात आणेल.

‘नोटोरियस’समोर नुसतं ‘प्रसिद्ध’ लिहिलंय. निबंधात आवडत्या शिक्षकांना नोटोरियस म्हटलंस तर झालंच! तो शब्द कुप्रसिद्धांसाठी. ‘मिटिगेट’ आणि ‘अलीव्हिएट’ दोन्हींसमोर ‘कमी करणे’. पण मिटिगेट करतात तो धोका किंवा दुष्परिणाम. अलीव्हिएट करतात ते दुखणं, दारिद्र्य. वजनाला यांतलं एकही लागू नाही, तिथे साधं ‘रिड्यूस’च. म्हणून शब्द एकटा उतरवूच नकोस. कोशातलं उदाहरणाचं वाक्य वाच आणि तो शब्द कुणाच्या सोबतीने येतो तेही वहीत घे. मग दिवसाला पन्नास होणार नाहीत, सात-आठ होतील. होऊ देत.

एकाच अर्थाचे इतके शब्द कशाला, असं तू मागे वैतागून विचारलं होतंस. 1066 मध्ये नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकलं आणि दरबारात फ्रेंच आली. विद्वानांची लॅटिन आधीपासून होतीच. त्यामुळे ‘आस्क’ मूळचा घरचा, ‘क्वेश्चन’ फ्रेंचमधून आलेला, ‘इंटरॉगेट’ लॅटिनमधून. तिन्हींत विचारणंच आहे, पण इंटरॉगेट करतात ते पोलीस!

या लॅटिनचा तुला फायदाही आहे. ‘पेलेरे’ म्हणजे ढकलणं, हाकणं. हे कळलं की कम्पेल, एक्स्पेल, रिपेल, डिस्पेल, प्रोपेल हे एका घरातले वाटू लागतात. मात्र मुळावर फार विसंबू नकोस. ‘मेटिक्युलस’च्या मुळाशी लॅटिनमधली भीती आहे, आज त्याचा अर्थ बारीकसारीक गोष्टीही काटेकोरपणे पाहणारा. मुळावरून अंदाज बांधावा, खात्री कोशातच करावी.

आणि सुरुवात भारदस्त शब्दांनी का करतेस? न्यूझीलंडच्या ॲव्हरिल कॉक्सहेड यांनी 2000 साली अभ्यासाच्या पुस्तकांत आणि लेखांत वारंवार येणाऱ्या शब्दांची यादी प्रसिद्ध केली. त्यात 570 शब्दकुटुंबं (म्हणजे एक शब्द आणि त्याची रूपं) आहेत, आणि अशा लेखनातले साधारण दहा टक्के शब्द तेवढ्यातच येतात. इन्हेरंट, सब्सिक्वंट, इम्प्लिसिट असे. दिसायला साधे, पण वाचताना अडवतात तेच. ‘सेस्क्विपेडेलियन’ (म्हणजे लांबलचक शब्दांचा) वाचताना ओळखता आला तरी पुष्कळ. तो बोलण्यात आणणाऱ्या माणसापासून मी तरी जरा लांबच बसतो.

पाठांतराचं थोडक्यात सांगतो. विसरण्याचा वेग पहिल्या काही तासांत सर्वांत जास्त असतो, हे जर्मन मानसशास्त्रज्ञ एबिंगहाउस यांनी 1885 मध्येच मोजून दाखवलं. तेव्हा आजचे शब्द उद्या, मग तीन-चार दिवसांनी, मग पंधरवड्याने पाहा. दर वेळी अर्थ झाकून आधी आठवायचा. नुसतं वाचून सगळं येतंय असं वाटतं, तेवढंच.

उच्चार मात्र अक्षरांवरून ठरवू नकोस, कोशातलं ध्वनिचिन्ह दाबून ऐक. ‘एपिटोम’ नव्हे, इपिटमी. ‘हायपरबोल’ नव्हे, हायपर्बली. आणि ‘अल्बाइट’ नव्हे, ऑल्बीइट. हा त्या 570 मध्येच आहे, लवकर भेटेल.

वहीचं पहिलं पान झालं की फोटो पाठव.

तुझा,
बाबा