जर्नलातला छापील ०.६९९४

महोदय,

शेजारची टी. वाय. बी.एस्सी.ची मुलगी गेल्या आठवड्यात लोहाच्या भारमापनाचं, म्हणजे वजनावरून लोह किती ते काढण्याचं, प्रॅक्टिकल लिहायला माझ्याकडे बसली होती. कॉलेजच्या जर्नलात तयार ओळ छापलेली : लोहाचे वजन = साक्याचे वजन × ०.६९९४. हा आकडा आला कुठून, असं मी विचारलं. ‘काकू, तो दिलेलाच असतो,’ ती म्हणाली. तीस वर्षं हाच विषय शिकवल्यामुळे असेल, ते उत्तर मला फार लागलं.

मुलं लोहाच्या द्रावणात अमोनिया घालून तपकिरी साका, म्हणजे तळाशी बसणारा घन पदार्थ, पाडतात, गाळतात, धुतात, मुशीत भाजतात. मुंबईच्या दमट हवेत वजन स्थिर होईपर्यंत मूस पुन्हा पुन्हा तापवतात. एवढं करून हाती येतं ते फेरिक ऑक्साइड, लोह नव्हे. शेंगांच्या वजनावरून दाणे किती निघतील ते काढावं, तसा हा हिशेब. या ऑक्साइडच्या सूत्रात लोहाचे अणू दोन. लोहाचा अणुभार ५५.८४५, त्याची दुप्पट १११.६९, ऑक्साइडचा सूत्रभार १५९.६९. भागाकार केला की ०.६९९४, हाच तो गुणक. म्हणजे ०.२५०० ग्रॅम भाजलेल्या साक्यात ०.१७४९ ग्रॅम लोह.

तिला मी स्वतः मांडायला सांगितलं. दुप्पट करायची राहिली आणि उत्तर ०.३४९७ आलं. मी गप्प राहिले. थोड्या वेळानं तिनंच सूत्राकडे बोट नेलं. मग निकेल घेतलं. त्याचा साका डायमिथाइलग्लायऑक्सिम या सेंद्रिय संयुगाबरोबर पडतो; त्या साक्याच्या सूत्रात या संयुगाचे घटक दोन असतात, निकेल मात्र एकच, म्हणून ५८.६९ भागिले २८८.९१, गुणक ०.२०३१. या वेळी उलट तिचा हात आधी दुपटीकडे गेला होता! लोह मॅग्नेटाइटच्या, म्हणजे सूत्रात लोहाचे तीन अणू असलेल्या दुसऱ्या ऑक्साइडच्या, रूपात सांगायचं तर? तिचं उत्तर : मॅग्नेटाइटच्या दोन सूत्रांत लोहाचे सहा अणू, तेवढेच फेरिक ऑक्साइडच्या तिनांत, गुणक ०.९६६६. हे तिनं माझ्या मदतीशिवाय काढलं. तिचा चेहरा तेव्हा बघण्यासारखा झाला होता.

जर्नल तयार करणाऱ्या प्राध्यापकांना माझी कळकळीची विनंती आहे : गुणकाची जागा कोरी ठेवा आणि परीक्षेत त्याच्या मांडणीला गुण द्या. वेळ पुरत नाही, हे कारण मी स्टाफरूममध्ये पुष्कळ ऐकलं आहे. पण तापलेली मूस डेसिकेटरमध्ये, म्हणजे आतली हवा कोरडी ठेवणाऱ्या बंद भांड्यात, निवायला चांगली वीस-पंचवीस मिनिटं लागतात, आणि तेवढा वेळ सगळा वर्ग नुसता उभा असतो.

— एक निवृत्त रसायनशास्त्र शिक्षिका, परळ, मुंबई