छाटणी शिकवणाऱ्या मामांस

आदरणीय मामा,

सादर प्रणाम, विनंती विशेष.

निफाड तालुक्यातल्या आमच्या द्राक्षबागेत तुम्ही सुरगाण्याहून टोळी घेऊन छाटणीला येता, त्याला आता बरीच वर्षे झाली. वडिलांच्या पश्चात बाग माझ्याकडे आली, ती तुमच्या आधारावर उभी राहिली. हे चारचौघांत लिहिण्याचे कारण असे की, चांगल्या मालाचे श्रेय बागायतदाराला, खताला आणि औषधाला मिळते. कात्री धरणाऱ्या हाताचे नाव कोणी घेत नाही.

थंड देशांत द्राक्षवेल हिवाळ्यात पाने गाळून झोपी जाते आणि तिची मुख्य छाटणी वर्षातून एकदाच होते. आपल्याकडे तशी थंडी पडत नाही, म्हणून वेल बाराही महिने हिरवी राहते आणि तिचे ऋतू माणूसच ठरवून देतो : एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी, ऑक्टोबरच्या सुमारास फळासाठीची गोडी छाटणी, आणि दोन छाटण्या मिळून पीक एकच. खरड छाटणीत ओलांड्यावर, म्हणजे मांडवावर पसरलेल्या वेलीच्या कायम फांदीवर, एक-दोन डोळे (फूट जिथून येते त्या कळ्या) राखून बाकीची सगळी वाढ उतरवली जाते; त्यानंतरची फूट येते ती खोडात, ओलांड्यात आणि मुळांत साठलेल्या अन्नाच्या बळावर. म्हणजे छाटणारा माणूस वेलीच्या शिलकीतून उचल घेत असतो, आणि ती फेडण्याची जबाबदारी त्याच्यावर येते. ही जाणीव मला तुम्ही दिलीत.

गोडी छाटणीच्या आधी तुम्ही काडी हातात घेता, ती बुडापासून तपकिरी झाली आहे का ते पाहता, हलकेच वाकवता, आणि एखादी आडवी कापून आतला गाभा पिकला आहे की अजून हिरवट आहे ते मला दाखवता. डोळे तपासणीचा अहवाल प्रयोगशाळेतून आलेला असतो आणि घड कितव्या डोळ्यात आहे ते त्यात लिहिलेले असते. परंतु अहवाल साऱ्या प्लॉटचा असतो आणि कात्री एकेका काडीवर चालते, हे तुम्ही आमच्यापैकी कोणालाही विसरू देत नाही.

२०१९ साली दिवाळी उलटली तरी पाऊस हटला नाही. खालच्या अंगाचा प्लॉट इतक्यात छाटू नका, असे तुम्ही बजावलेत, तेव्हा त्यात तुमच्याच टोळीची मजुरी बुडत होती. परिसरातले फुलोऱ्यात सापडलेले प्लॉट डाउनी रोगाने आणि घडांच्या कुजेने गेले; आमचा तो प्लॉट मागे राहिला म्हणून हाती लागला.

झाडाला हात न लावणे हेच निसर्गप्रेम, असे शहरातले काही आप्त मला सांगतात. मला ते पटत नाही. माणसाने लावलेली आणि मांडवावर चढवलेली बाग तशीच सोडून दिली, तर पाल्याची इतकी दाटी होते की डोळ्यांपर्यंत ऊन पोहोचत नाही, घड तयार होत नाहीत आणि भुरी या बुरशीच्या रोगाला मोकळे रान मिळते. तुमच्या गावाकडे नागलीच्या राबासाठी, म्हणजे रोपांची जागा पेरणीआधी भाजण्यासाठी, ऐनाच्या झाडाच्या फांद्या उतरवतात, तेव्हा शेंडा राखायचा आणि तोडलेल्या झाडाला पुढे उसंत द्यायची, असे तुम्ही सांगितले होते. जंगलातला हाच विवेक तुम्ही आमच्या तारांच्या मांडवाखाली घेऊन आलात. किती कापायचे याहून काय राखायचे याचा विचार तुम्ही आधी करता, आणि निसर्गाशी वागण्याची याहून प्रामाणिक रीत मी पाहिलेली नाही.

छाटलेल्या काड्या बांधावर पेटवू नका, त्या वेलीच्याच आहेत, हे तुमचे म्हणणे आम्ही मानले आहे. येत्या खरड छाटणीपासून काड्यांचा भुगा करून तो ओळींमध्येच पसरणार आहोत. टोळीतल्या नव्या मुलांना काडी पारखायला शिकवण्यासाठी तुम्ही पहिला दिवस मागितला होता. त्या दिवसाची पूर्ण मजुरी सर्वांना मिळेल, आणि शिकणाऱ्यांत मीही असेन.

आपली ऋणी,
निफाडची एक द्राक्ष बागायतदार