आधी वाचा, मग नाकं मुरडा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला कादंबरीकार ना. सी. फडक्यांवरचा लेख रविवारी वाचला आणि सोमवारी पुन्हा वाचला. राग उतरल्यावर कदाचित बरा वाटेल, अशी आशा होती. वाटला नाही.

लेखकमहाशय तरुण असावेत. लिहितात खुसखुशीत, त्याबद्दल वाद नाही. पण ना. सी. फडक्यांच्या सुरुवातीच्या कादंबऱ्यांची टिंगल करायला बसण्यापूर्वी त्यातली एखादी त्यांनी उघडून पाहिली असेल, असं लेखात कुठेही जाणवत नाही. ‘कुलाब्याची दांडी’ला त्यांनी बिनदिक्कत पहिली कादंबरी ठरवून टाकलं आहे. फडक्यांची पहिली कादंबरी ‘अल्ला हो अकबर’, १९१७ सालची. तेव्हा फडके जेमतेम २२-२३ वर्षांचे होते आणि हरिभाऊ आपटे हयात होते. ‘कुलाब्याची दांडी’ आली १९२५ ला. लेखाचा विषय ‘सुरुवातीचे फडके’ आणि त्यातून सुरुवातच गायब! याला अभ्यास म्हणायचं असेल तर म्हणा बापडे.

पुढे ‘इंग्रजीवरून उचललेलं’ हा नेहमीचा शेरा आहेच. ती पहिली कादंबरी मारी कोरेली या बाईंच्या ‘टेम्पोरल पॉवर’वर बेतलेली होती, ही काही महाशयांनी खणून काढलेली गुप्त माहिती नव्हे. कोरेलीबाई त्या काळी खपाच्या बाबतीत भल्याभल्यांना मागे टाकणाऱ्या लेखिका होत्या. कॉलेजातून नुकत्याच बाहेर पडलेल्या मुलाने त्यांच्यावरून हात बसवला, तर आभाळ कोसळत नाही. ‘संशयकल्लोळ’ नाटकही मूळ फ्रेंच नाटककार मोलियरचंच. म्हणून आमच्या जत्रेत मंडपातून कुणी चटई गुंडाळून उठून गेलेलं मी अजून पाहिलेलं नाही.

हे सगळं मी सोडून दिलं असतं. पण ‘दुपारी बायकांनी लोळत वाचायच्या कादंबऱ्या’ हे जे वाक्य महाशयांनी टाकलं आहे, ते सोडवत नाही.

माझी आत्या लग्नानंतर वर्षभरात माहेरी परत आलेली. ती दुपारी फडके वाचायची, हे खरं. पण लोळायची नाही. लोळायला तिला सवड कोण देत होतं? पोर्तुगीज अमदानीत गोव्यातल्या लोकांनी आपल्या पदरच्या पैशांनी मराठी शाळा चालवल्या. तशीच एक शाळा आमच्या देवळाच्या अग्रशाळेत, म्हणजे धर्मशाळेत, भरायची, तिथे ती वाचायला शिकली. वाड्यावरच्या तिच्या वयाच्या बायकांत सलग वाचता येणारी ती एकटीच. जेवणं आटोपून भांडी आवरली की सोप्यावर बायका जमायच्या. कुणी तांदूळ निवडायची, कुणी चिंचोके काढायची आणि आत्या मोठ्याने वाचायची. आम्ही पोरं खांबाला टेकून ऐकायचो.

वाचता वाचता आत्या मध्येच थांबायची. डोळे ओळींवरून भराभर पुढे जायचे, मग एक-दोन पानं उलटायची आणि अगदी कोऱ्या चेहऱ्याने सांगायची, “हांगा दोन पानां निसर्गवर्णन आसा, तें सोडया.” बायका माना डोलवायच्या. शेजारच्या काकीचं तर ठाम मत झालं होतं की, या फडक्यांना झाडामाडांचं भारीच वेड.

पुस्तकं कुठली, तर काकांनी कधीकाळी सावंतवाडीहून आणलेली, ‘जादूगार’, ‘दौलत’, ‘अटकेपार’, सगळी १९३० च्या मागची-पुढची. १९५५ ला भारताने गोव्याची नाकेबंदी आवळली, रेल्वे बंद झाली, नवी पुस्तकं यायची थांबली. मग तीच तीच पुन्हा वाचायची. तिकडे मुंबई-पुण्यात फडके पुढे काय लिहीत होते, देव जाणे. आमच्या सोप्यावर गोवा मुक्त होईपर्यंत सुरुवातीचेच फडके चालू होते आणि त्यांत निसर्गवर्णनं अमाप होती.

आत्या गेल्यावर ती पुस्तकं माझ्या हाती आली. कसर लागलेली, पानं पिवळी पडून कडांनी भुगा होत चाललेली. समासात जागोजाग पेन्सिलीने काढलेलं एक इवलं फूल, पाच पाकळ्यांचं. आधी वाटलं, कुणा पोराने गिरबटलं असेल. मग लक्षात आलं, जिथे फूल तिथे निसर्गवर्णन! पुढच्या वेळी वाचताना अडखळायला नको म्हणून बाईने आधीच खुणा करून ठेवल्या होत्या. साहजिकच मी सगळ्यात आधी फुलंच वाचून काढली. खरं सांगते, फार काही नव्हतं. कुणीतरी कुणाचा तरी हात हातात घेतलेला, श्वास जरा जलद झालेला, पदर जरा सरकलेला. आजच्या मालिकांत जाहिरात लागायच्या आत याहून जास्त होऊन जातं. पण सोप्यावर कोपऱ्यात कुणाची ना कुणाची सासूही बसलेली असायची, हे ध्यानात घ्या. कुठलं वाक्य कुणासमोर वाचायचं आणि कुठलं स्वतःसाठी राखायचं, एवढा विचार करणाऱ्या बाईला तुमचे महाशय ‘लोळत वाचणारी’ म्हणतात.

फडक्यांचे दोष मला शिकवू नका. योगायोगांचा पाऊस, नायिका झाडून साऱ्या देखण्या, नायक टेनिस खेळणारे, आणि गरीब माणूस दुर्बीण लावूनही दिसायचा नाही. सगळं मान्य. पण प्रकरण नेमकं कुठे तोडायचं, हे या माणसाला तिशी-पस्तिशीतच उमगलं होतं. आत्याने ‘आज इतकंच’ म्हटलं की सोप्यावर जी हळहळ व्हायची, ती मी ऐकलेली आहे. काकीकडे निवडायला तांदूळ उरले नसतील तर ती दुसऱ्या दिवशी आमच्या घरचे मागून घ्यायची, पण यायची. १९३१ ला ‘प्रतिभासाधन’ लिहून फडके इतरांना तंत्र शिकवायला बसले, ते आधी या पुस्तकांत हात भाजून घेऊन. ते बघायचं तर सुरुवातीचे फडकेच वाचावे लागतात. नंतरच्या कादंबऱ्यांत हात इतका सरावलेला आहे की शिवण दिसतच नाही.

आणि ‘पलायनवादी’ म्हणून शिक्का मारला आहे, त्याबद्दल एवढंच. याच सुरुवातीच्या काळात, १९२७ ला, याच माणसाने लैंगिक प्रश्न आणि संततिनियमनावर इंग्रजीत पुस्तक लिहिलं आणि त्याला प्रस्तावना संततिनियमनाच्या अमेरिकन पुरस्कर्त्या मार्गारेट सँगर यांची होती. त्या काळात एका प्राध्यापकाने या विषयावर उघड लिहायचं म्हणजे काय, याचा महाशयांनी जरा विचार करावा. ते पुस्तक सोप्यावर पोचलं नाही हे बरंच झालं. आत्याची पेन्सिल संपली असती.

लेखाच्या शेवटी महाशय विचारतात, ही पुस्तकं आज मिळतात तरी कुठे? पणजीला पाटोवर कृष्णदास शामा ग्रंथालय आहे, १८३२ सालापासूनची संस्था. तिथपर्यंत जाऊन चौकशी तरी करायची होती. पण प्रश्न विचारलाच आहे तर माझंही ऐका. आत्याची ती पुस्तकं मी आमच्या भागातल्या एका वाचनालयाला भेट दिली होती. घरच्या ओलीत टिकणार नाहीत, चार लोकांनी वाचावीत, हा हेतू. कव्हरं घालून, आत दात्याचं नाव म्हणून आत्याचं नाव लिहून दिली होती. मध्यंतरी एकदा ‘दौलत’ पुन्हा वाचावीशी वाटली म्हणून गेले. काउंटरवरच्या मुलाने कॉम्प्युटरवर नाव टाकलं, मोबाइलवरची नजर न काढता म्हणाला, “आजी, निर्लेखन झालंय.” म्हणजे काय रे बाबा? “म्हणजे बरीच वर्षं कुणी नेलं नाही, पानंही सुटली होती. रद्दीत गेलं.” बाकीची? “तीही.” मला एक फोन करायचा होता, मी रिक्षा करून येऊन घेऊन गेले असते. फोन नंबर त्यांच्याच देणगी-वहीत आहे. त्याच दिवशी त्याच वाचनालयात स्पर्धा परीक्षांच्या गाइडांचं नवंकोरं कपाट लागत होतं. लागू दे. पोरांना नोकऱ्या हव्यात. पण आधीचं कपाट रिकामं कसं झालं, ते कुणी विचारलं नाही. लेखी तक्रार केली तर उत्तर आलं की नियमानुसार कार्यवाही झालेली आहे. पेन्सिलीच्या फुलांबद्दल नियमांत काही नसणारच.

तेव्हा महाशयांना पुस्तकं मिळत नसतील तर त्याचं कारण हे आहे. त्यांनी यावर लेख लिहावा, मी पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत त्यांच्या बाजूने असेन. आणि १९१७ ची दुरुस्ती येत्या रविवारी छापा, तीही जिथे लेख होता तिथेच. निविदा सूचनांच्या खाली कोपऱ्यात नको.

जाता जाता आणखी एक. पुरवणीत राखाडी रंगावर पांढरी अक्षरं छापायची कल्पना कुणाची? चष्म्यावर भिंग धरूनही वाचता येत नाही. फडक्यांवरच्या लेखाची चौकट तशीच होती. ती मी नातीकडून वाचून घेतली आणि तिने ‘योगायोग’ ‘योगासन’ वाचलं.

वीज जाण्याबद्दलचं माझं मागचं पत्र तुम्ही चार ओळींवर आणलंत. त्या चार ओळी वाचून, ज्यांच्याविरुद्ध तक्रार होती त्यांचेच मी आभार मानते आहे असं वाटत होतं. हेही कापायचंच असेल तर ‘संशयकल्लोळ’चा भाग कापा. वाचनालयाचा तसाच ठेवा.

आपली,
एक जुनी वर्गणीदार
(नाव छापू नये)
बांदोडे, फोंडा