एआरटीच्या गोळ्या बंद करू नका, हाडांचं विचारा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

सिडकोत माझं मेडिकल आहे. सध्या मोबाईलवर एक फॉरवर्ड फिरतोय की एचआयव्हीच्या, म्हणजे एआरटीच्या, गोळ्यांनी हाडं विरघळतात, आणि तो दाखवून एकदोघांनी मला हळूच विचारलं, "भाऊ, बंद केल्या तर चालतील का?" अजिबात नाही चालणार. पण का ते काउंटरवर चार लोकांसमोर सांगता येत नाही, म्हणून हे पत्र.

हाडं कमजोर होतात हे खरंय. पण सुरुवात गोळीपासून होत नाही, व्हायरसपासून होते, म्हणजे एकही गोळी न घेतलेल्या पेशंटचीसुद्धा हाडं झिजलेली सापडतात. आपलं हाड कायम थोडं मोडत आणि थोडं नव्याने बनत असतं, मोडणाऱ्या पेशी वेगळ्या आणि बांधणाऱ्या वेगळ्या. रक्तातल्या बी पेशी एक प्रोटीन सोडतात, ते मोडणाऱ्या पेशींना ब्रेक लावतं. एचआयव्हीत ह्या बी पेशीच बिघडतात, ब्रेकवालं प्रोटीन कमी पडतं आणि उलट आरएएनकेएल नावाचं, मोडायला जोर देणारं वाढतं. वर अंगात कायमची बारीक सूज असतेच, तीही हाड पोखरते. त्यात वजन घटलेलं, ड जीवनसत्त्व कमी, बिडी, दारू, बाईमाणसाची पाळी लवकर गेलेली, मग बघायलाच नको.

आता गोळ्यांचं. एआरटी सुरू केल्यावर पहिल्या एकदोन वर्षांत हाडाची घनता साधारण २ ते ६ टक्के उतरते, नंतर बरीचशी स्थिरावते. आपल्याकडे सरकारी एआरटी सेंटरवर जी टीएलडी (तीन औषधांची एकच गोळी) मिळते त्यातलं टेनोफोविर ह्यात जास्त बदनाम आहे, कारण ते किडनीतून फॉस्फेट बाहेर जाऊ देतं, आणि ते खोटं नाही. पण गोळी सोडली की व्हायरस उसळतो, सीडी४ (प्रतिकारशक्तीच्या पेशींचा आकडा) पडतो, टीबी वाट बघतच असतो. हाड वाचवायला जीव घालवायचा का?

माझी खरी काळजी दुसरीच आहे. लोक ह्या भीतीने स्वतःच्या मनाने कॅल्शियम घ्यायला येतात. टीएलडीतलं डोलुटेग्राविर रिकाम्या पोटी कॅल्शियम किंवा लोहाच्या गोळीसोबत घेतलं तर नीट शोषलंच जात नाही. एकतर दोन्ही जेवणासोबत घ्या, नाहीतर डोलुटेग्राविर कॅल्शियमच्या २ तास आधी किंवा ६ तासांनी. अॅसिडिटीच्या अँटासिडला तर जेवणाची सवलतही नाही, तिथे अंतर ठेवायचंच. आणि कंबर दुखते म्हणून रोज डायक्लोफेनॅक ही दुखण्याची गोळी मागणारे, त्यांना टेनोफोविर चालू असेल तर किडनीवर दुहेरी भार पडतो. हे मी सांगणार कसं, पेशंट बोलतच नाही! त्याचंही बरोबर आहे म्हणा, गल्लीतलं दुकान, उद्या कोण काय बोलेल. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने कोर्टाच्या आदेशाशिवाय एचआयव्ही आहे की नाही हे सांगायची सक्ती कोणी करू शकत नाही, मीपण नाही. म्हणून निदान सेंटरच्या डॉक्टरला विचारून मग माझ्याकडे या, किंवा १०९७ ह्या एड्स हेल्पलाइनला फोन करा, फुकट आहे.

खाण्यात नागली (नाचणी) ठेवा. पेठ-सुरगाण्याची नागली आपल्या बाजारात येतेच, १०० ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम, आणि आपण मात्र डबेवाल्या पावडरींवर पैसे उधळतो (माझ्याच धंद्याच्या विरोधात बोलतोय, असू दे).

२००४ पासून सरकार ह्या गोळ्या फुकट देतंय, त्यामुळे तेव्हाचे तरुण पेशंट आज पन्नाशी-साठीत आलेत, ही चांगलीच गोष्ट आहे. पण मग तपासणीही त्या वयाची हवी ना. पन्नाशीपुढचे पुरुष आणि पाळी गेलेल्या बायका, ह्यांची डेक्सा (हाडाची घनता मोजणारी एक्स-रे तपासणी) करावी असं जगभरचे डॉक्टर सांगतात. कॅम्पमध्ये टाचेला मशीन लावतात ती डेक्सा नव्हे, डेक्सा कंबरेची आणि खुब्याची असते, आणि प्रायव्हेटमध्ये तिचे पैसे रोजंदारीवाल्याला परवडत नाहीत. १ डिसेंबरला एड्स दिनाची रॅली काढता, लाल फिती वाटता, ठीक आहे, ह्या वर्षी त्याच खर्चातून जिल्ह्यातल्या पन्नाशीपुढच्या एआरटी पेशंटची डेक्सा फुकट करून द्या, आणि गोळ्या देताना कॅल्शियमचं अंतर मराठीत छापलेली एक चिठ्ठी सोबत द्या.

– एक औषधविक्रेता, सिडको, नाशिक