मिरचीचे हात

प्रिय आई, बाबा,

फोनवर आई तू जेवली का विचारते, मी हो म्हणते, बाबा ठेव आता म्हणतात, झालं. म्हणून लिहून राहिली, दादा वाचून दाखवेल.

एम.ए.ले जॉन स्टाइनबेकची ग्रेप्स ऑफ रॅथ आहे, 1939 ची कादंबरी. गोष्ट अमेरिकेतली पण वाचताना सारखं आपलंच घर दिसे. ओक्लाहोमातले जोड आडनावाचे लोक, दुष्काळानं अन धुळीनं पीक गेलं, कसत होते त्या जमिनीवरून काढून दिलं, घरावर ट्रॅक्टर घातला, मग तेरा जणं एका जुन्या ट्रकात बसून कॅलिफोर्नियाले निघतात कारण फळं तोडाले माणसं पाहिजे असे कागद वाटलेले असतात. आपल्याकडं धान चुरून झालं की ठेकेदाराचा माणूस येते ना तेलंगणात मिरचीले चला म्हणत, तसंच. पुस्तकात मजुरांचा संप मोडला की पीचच्या पेटीमागची 5 सेंट मजुरी अडीच सेंटावर येते.

वर्गात सगळे त्या घरच्या पोराले, टॉमले, हीरो म्हणाले. तो भिडते, ते खरंच आहे. पण मी त्याच्या आईवर लिहिलं. म्हातारी सासू ट्रकातच मरते, समोर वाळवंट, तपासणीवाले रात्री गाडी अडवतात तर ही म्हणते म्हातारी लय आजारी आहे, डॉक्टर पाहिजे, जाऊ द्या. रातभर मेलेल्या सासूजवळ पडून राहते अन सगळे पार झाल्यावरच सांगते. तिच्या चेहऱ्यावर तेव्हा काय होतं ते वाचलं अन मी पुस्तक बंद केलं.

मले तेलंगणातलं खम्ममकडचं ते मिरचीचं शेत आठवलं. मी सात वर्षांची, ताडपत्रीची खोपी, संध्याकाळी तू दोन्ही हात पाण्याच्या गंजात बुडवून बसायची, मग तेल लावायची. एकदा माझ्या डोळ्यात कचरा गेला, मी रडत आली, तू हात मागं घेतले अन पदराचं टोक दातात धरून वाकून माझे डोळे पुसले. दोन महिने तू माझ्या गालाले बोट लावलं नाही. मले वाटे तू रागावली आहेस. हे तुले मी कधी सांगितलं नव्हतं आई. तूही कधी म्हटलं नाही की हात किती जळतात.

अन बाबा, टॉमचा बाप जो आहे, पुस्तकात तो हळूहळू गप्प होत जाते, घरातला शब्द बायकोच्या हाती जाते, वर्गात त्याले कमजोर म्हणाले. मले ते पटलं नाही. शेवटी पूर येते, आत पोरगी बाळंत होऊन राहिली अन हा चिखलात उभा राहून बाकीच्यांले घेऊन मातीचा बांध घालते. झाड पडून बांध फुटते, तरी त्यानं फावडं उचललं होतंच ना. आपला धुरा फुटला त्या रात्री तुम्ही कंबरभर पाण्यात चुंगड्यात माती भरून टाकत होते, मी दारातून कंदील धरला होता. धान गेलंच. तुम्ही आत येऊन आधी विचारलं, पोरगी भिजली का.

गावच्या मंडईच्या जत्रेले मी येते, चार दिवस राहीन, सगळी गोष्ट अंगणात बसून सांगते. आई, यंदा मिरचीले जायचं नाही, ठेकेदाराचा ॲडव्हान्स घेतला असेल तर किती ते खरं सांग, मी या महिन्यापासून पाठवते. बाबा, रात्री पाणी बघाले एकटे बांधीत जाऊ नका, दादाले सोबत न्या.

तुमची,
बाई