सहकारनगरच्या काकूंना, पिल्लांसाठी आणि त्या वहीसाठी

काकू,

नाव लिहू नकोस म्हणालात म्हणून लिहीत नाहीये, पण ज्यांनी तुमच्या गच्चीवरचे पिंजरे बघितलेत ते ओळखतीलच. समोरासमोर थँक यू म्हटलं की तुम्ही "चहा टाकू का" म्हणून विषय बदलता, त्यामुळे इथे सगळ्यांदेखत लिहितीये, आता बदला विषय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. आमच्या कॉकटेलच्या (कॉकटील, तुरेवाले छोटे पोपट) जोडीतला नर काकूंकडचा, मादी मैत्रिणीकडून आलेली, दोघंही साधे राखाडी. डिसेंबरात अंडी झाली. एक दिवसाआड एक अंडं आणि बसायला सुरुवात सगळी घालून व्हायच्या आधीच, त्यामुळे पिल्लंही एकदम निघत नाहीत, पहिलं चांगलं गुबगुबीत होतं तेव्हा शेवटचं नुकतं बाहेर येत असतं. आमच्याकडे पहिल्या दोघांचे डोळे मिटलेल्या पापणीतूनसुद्धा लालसर दिसत होते, आणि सगळ्यात शेवटच्याच्या अंगावर पिवळ्याऐवजी पांढरी लव. सासूबाई बॉक्समध्ये डोकावून म्हणाल्या, "बाप तोच आहे ना गं?"

मी काकूंना फोन केला. पिल्लं न बघता, फोटोही न मागवता काकू म्हणाल्या, लाल डोळेवाल्या दोन्ही माद्या आहेत. मला वाटलं मस्करी करतायत. कारण कॉकटेलचा नर की मादी हे पहिली पिसं गळेपर्यंत, म्हणजे सहाएक महिने, भल्याभल्यांना सांगता येत नाही. पण काकूंनी वही काढली (ती लाल कापडी बांधणीची, दुकानदार उधारी लिहितात तसली) आणि वाचून दाखवलं की आमच्या नराची आई ल्युटिनो होती, म्हणजे राखाडी रंग नसलेली, पिवळसर पांढरी आणि लाल डोळ्यांची. मग हिशोब सरळ आहे. माणसाच्या उलट, पक्ष्यांत नर की मादी ठरवणारी गुणसूत्रं नराला झेड-झेड आणि मादीला झेड-डब्ल्यू, ल्युटिनोचा रंग त्या झेडवर बसतो, आईकडे एकच झेड त्यामुळे तिचा प्रत्येक मुलगा तो घेऊनच जन्मतो, दिसतो राखाडी पण आत ल्युटिनो लपलेला, त्यालाच स्प्लिट म्हणतात. मादीत तो लपू शकत नाही, असेल तर दिसतोच. म्हणजे आमची राखाडी मादी त्या बाबतीत कोरी, लाल डोळे बापाकडूनच आले, आणि फक्त बापाकडून आलेला ल्युटिनो मुलींतच दिसणार. मुलांना आईकडचा साधा झेड मिळतो, ते राखाडीच राहतात. माझं बीएस्सी झालंय काकू, पण हे मला कॉलेजात असं कुणी समजावलं नव्हतं.

पांढऱ्या लवेचं वेगळं. तो व्हाइटफेस, म्हणजे अंगात पिवळा रंगच नसलेला, त्याला आई-बाप दोघांकडून यावं लागतं, म्हणजे मैत्रिणीची मादीसुद्धा स्प्लिट निघाली आणि तिलाच पत्ता नव्हता! प्रत्येक अंड्याला चारात एक शक्यता, आणि चार अंड्यांत एक येईलच असंही नाही.

आता खरं थँक यू ज्याच्यासाठी आहे ते. हेच पांढरं पिल्लू मोठ्यांच्या पायाखाली दबलं जायला लागलं आणि एका रात्री बघते तर अंग गार, क्रॉप (गळ्याखालची अन्नाची पिशवी) रिकामा, चोच उघडायलाही जोर नाही. घरचे म्हणाले दूध पाज, शेजारच्यांनी तर बाळाची पावडर आणून दिली. रात्री साडेअकराला तुम्हाला फोन लावला, तुम्ही उचललात, आणि पहिलं वाक्य "आधी गरम कर, भरवायचं नंतर." गार पिल्लाचा क्रॉप चालतच नाही, त्यात घातलेलं तिथेच आंबतं, हे मला तेव्हा कळलं. आणि दूध अजिबात नाही, पक्ष्यांना ते पचत नाही.

एवढंच सांगून थांबला नाहीत. काका तुम्हाला स्कूटरवर घेऊन त्या थंडीत राजाराम पूल ओलांडून कर्वेनगरला आले, बरोबर फॉर्म्युलाचा (पिल्लांना कालवून भरवायच्या पावडरीचा) डबा, सिरिंज, थर्मामीटर. प्लास्टिकच्या डब्याच्या अर्ध्याच भागाखाली हीटिंग पॅड, म्हणजे जास्त झालं तर पिल्लू स्वतः सरकेल. फॉर्म्युला 39 ते 41 डिग्री, त्याच्यावर गेला तर क्रॉप भाजतो, खाली गेला तर पचत नाही, आणि मायक्रोवेव्हमध्ये नाही कारण मध्येच एखादा घास उकळता राहतो. सिरिंज पिल्लाच्या डाव्या बाजूने आत, रोख उजवीकडे. वजनाचा दहावा हिस्सा एका वेळेला, तीस ग्रॅमला तीन मिली, पिल्लू मान हलवून मागत असेल तेव्हाच, नाहीतर श्वासात जातं. रात्रीतून एकदा क्रॉप पूर्ण रिकामा झालाच पाहिजे, आणि सकाळी भरवायच्या आधी वजन. आमचा किचनचा काटा त्या दिवसापासून त्याचाच झालाय, केकचं माप सध्या अंदाजाने. तुम्ही स्वयंपाकघरात नॉनस्टिक तवा बघितलात आणि काही न बोलता तो डिकीत टाकून घेऊन गेलात, तापला की त्याच्या वाफेनेच पक्षी मरतात म्हणून. तो परत नकोय.

अजून एक. मध्ये बाजारात एकाने पर्लची (ठिपकेवाल्या कॉकटेलची) "खात्रीची जोडी", म्हणजे एक नर एक मादी, दाखवली होती, घेणारच होते. तुम्ही विचारलंत वय किती. पर्ल नराचे ठिपके पहिल्या मोल्टनंतर (पिसं गळून नवी आली की) जातात, त्यामुळे लहान असताना दोन्ही सारखेच दिसतात, खात्री कसली. आणि दोन्ही ल्युटिनो एकमेकींसारख्या सुंदर दिसतात म्हणून पुढे ल्युटिनो नर आणू का विचारलं तर चक्क ओरडलात, ल्युटिनोला ल्युटिनो लावत गेलं की तुऱ्यामागचं टक्कल वाढत जातं. आमच्या जोडीचा बॉक्सही तुम्हीच उतरवायला लावलात, वर्षाला दोन वेळा बास. पिल्लांच्या पैशांवर डोळा ठेवून तिसऱ्यांदा बसवणारे खूप बघितलेत मी, तुमच्याकडे ते कधीच दिसलं नाही.

तर, पांढरुबा आता राळं फोडून खातोय, शेवग्याचा पाला सगळ्यात आधी संपवतो, सिरिंज फक्त रात्री लाडाला. उडायला लागल्यावर वजन उतरलं तेव्हा मी घाबरले होते पण तुम्ही आधीच सांगून ठेवलं होतं की थोडं उतरतं. त्याला ठेवतीये मी. ल्युटिनोपैकी एक मैत्रिणीला, दुसरी तुमची, पैशांचं नाव काढू नका. वहीत तिच्यापुढे बाप ल्युटिनोचा स्प्लिट असं लिहा, आणि व्हाइटफेसपुढे प्रश्नचिन्ह, कारण तिला तो मिळाला की नाही हे बघून कळत नाही.

रविवारी सकाळी येते. पांढरुबा नर की मादी कळायला त्याचं पीस डीएनएला पाठवायचं का वाट बघायची ते तेव्हा ठरवू. सासूबाईंनी थालीपीठाची भाजणी बांधून ठेवलीये, आणि तुमच्यासाठी लोखंडी तवा बघितलाय मंडईत, तो आणू का तेवढं आधी कळवा.

तुमची,
कर्वेनगरवाली